सावनेरची बंदूक सौंसरला का चालत नाही?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे सावनेर तालुक्यातले, हल्ली नागपुरात मुक्काम. वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी होती, वडील या उन्हाळ्यात गेले. थोडी शेती सावनेरकडे आहे, थोडी आईच्या वाट्याची सौंसरला, म्हणजे मध्य प्रदेशात. ते लिहितात: "वडील बंदूक सावनेरच्या शेतावर न्यायचे, पण सीमेवरचं सातनूर ओलांडून कधी नेली नाही. विचारलं की म्हणायचे, तिकडचा कायदा वेगळा. शेजारच्या पोरानं तलवारीनं केक कापला तर त्याला उचललं, आणि कर्नाटकात म्हणे काही लोकांना बंदुकीलासुद्धा परवाना लागत नाही. देश एक, कायदा एक, मग हा फरक कुठून आला? आणि आता या बंदुकीचं मी काय करू?"

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात २६ वर्षं फौजदारी वकिली करतो. हत्याराचे खटले आणि परवान्याची अपिलं यांतच त्यातला बराच काळ गेला. शेवटचा प्रश्न सगळ्यात निकडीचा, पण आधीचे कळल्याशिवाय त्याचं उत्तर पटणार नाही.

तुमचे वडील बरोबर वागले, कारण मात्र थोडं चुकीचं सांगत होते. तिकडचा कायदा वेगळा नाही. १९५९चा शस्त्र अधिनियम, पोलिसांच्या भाषेत 'भाहका' (भारतीय हत्यार कायदा), सावनेरला आहे तोच सौंसरला आहे. नियमही तेच, आधी १९६२चे आणि आता २०१६चे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं आणि दारूगोळा केंद्राच्या यादीत आहेत. पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याच्या यादीतले पहिले दोन. म्हणजे हत्यार कशाला म्हणायचं हे दिल्ली ठरवते, आणि ते घेऊन कुठं, कधी फिरायचं नाही हे मुंबई किंवा भोपाळ ठरवतं. परवाना कुणाला द्यायचा हे तर त्या त्या जिल्ह्याचा अधिकारी ठरवतो. फरक येतो तो या खालच्या पायऱ्यांवर.

बंदुकीपेक्षा चाकूत हे जास्त ठळक दिसतं, म्हणून आधी चाकूच घेतो.

बंदुकीला कलम ३ खाली देशभर परवाना लागतो. तलवार, भाला, गुप्ती, सुरा यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी कलम ४ आहे, आणि ते सांगतं की ज्या भागात सरकारनं अधिसूचना काढली असेल, त्या भागात, अधिसूचनेत लिहिलेल्या हत्यारांना परवाना लागेल. हा अधिकार मुळात केंद्राचा, पण कलम ४३ खाली तो राज्यांकडे सोपवता येतो. झालं, इथेच पट्ट्या वेगवेगळ्या झाल्या. नियमांच्या अनुसूचीत पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते धारदार हत्यार. मध्य प्रदेशात २२ नोव्हेंबर १९७४ची अधिसूचना आहे, तिच्यात सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं चालत नाही, आणि खटक्याचा चाकू तर कितीही लहान असला तरी नाही. छत्तीसगड २००० साली मध्य प्रदेशातून निघालं तेव्हा ही अधिसूचनाही वाटणीत घेऊन गेलं. दिल्लीत १९८०ची अधिसूचना, तिथे बटण दाबून उघडणाऱ्या चाकूचं माप ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. म्हणजे तीन इंच. नऊ, सहा, तीन. एकाच कायद्याखाली.

नागपूरपासून सिवनीच्या रस्त्यानं मनसर, देवलापार सोडलं की खवासा लागतं, मध्य प्रदेश सुरू. दोन तासांचाही प्रवास नाही. आठ इंची पात्याचा साधा सुरा देवलापारला अनुसूचीच्या मापात बसत नाही आणि खवाशाला अधिसूचनेच्या मापात बसतो.

हे पुस्तकी उदाहरण नाही. माझा एक पक्षकार आचारी होता. सीमेपलीकडे लग्नाची ऑर्डर, डिसेंबरचे दिवस, निवडणुकीची नाकाबंदी. गाडीत मागे पत्र्याची पेटी आणि पेटीत भाजी-मटण कापायचे दोन सुरे. शिपायानं शिंप्याकडची टेप मागवली. "काहून साहेब, भाजीच कापतो न मी त्यानं," हा म्हणतोय, आणि शिपाई मूठ धरून मोजतोय. पंचनाम्यात लिहिलं 'लोहे का धारदार छुरा, कुल लंबाई १३ इंच'. गुन्हा दाखल झाला तो '२५ बी', म्हणजे शस्त्र अधिनियमाचं शिक्षेचं कलम २५(१बी), तिकडे ठाण्यात सगळे असंच म्हणतात. पात्याची लांबी वेगळी लिहिलीच नव्हती. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याच पेटीतले झारे, पळ्या, किसणी, पोळपाट यांचा पंचनाम्यात एका शब्दानं उल्लेख नव्हता. कायद्याच्या व्याख्येत घरगुती किंवा शेतीच्या कामापुरत्याच बनवलेल्या वस्तू हत्यारातून वगळल्या आहेत. झारे पंचनाम्यात आले असते तर तिथेच प्रकरण मिटलं असतं. आमच्याकडे लग्नघराची आगाऊ पावती होती आणि पेटी गाडीत ठेवताना पोऱ्यानं गंमत म्हणून काढलेला फोटो होता. तिथल्या वकील मित्रानं त्या दोन कागदांवर खटला लढवला. आचारी सुटला, तीन वर्षांनी. पंधरा-सोळा तारखा, प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं.

माझ्या मते या पात्याच्या मापांना कसलाच आधार नाही. सहा इंची सुऱ्यानं माणूस मरतो आणि बारा इंची सुरा जन्मभर कोबी कापतो. बरं, या अधिसूचना लोकांना दिसतील अशा कुठे लावलेल्या नाहीत. मध्य प्रदेशची ती पन्नास वर्षांपूर्वीची अधिसूचना कुणी सहज मागितली तर ठाण्यातसुद्धा मिळेलच असं नाही. म्हणून कलम ४ चा खटला आला की बचावाचा वकील आधी दोन गोष्टी बघतो: अधिसूचनेची प्रत दोषारोपपत्रासोबत जोडली आहे का, आणि पात्याची लांबी मुठीशिवाय मोजली आहे का. निम्मे खटले इथेच लंगडतात.

आता तुमच्या शेजारचा मुलगा. त्याला लागलं असणार '४/२५ सह १३५'. ४/२५ म्हणजे शस्त्र अधिनियमाचं वर सांगितलेलं कलम ४ आणि त्याच्या शिक्षेचं कलम २५. १३५ मात्र महाराष्ट्राचं स्वतःचं आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधलं. त्याच कायद्याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात: शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायची नाही, दगड गोळा करायचे नाहीत. मुदत संपली की पुढचा आदेश निघतो, सणवार असले की हमखास. तो मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशानं वेगळी कारणं लिहिली नाहीत तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही. साध्या काठीसाठी किमान चार महिने! शस्त्र अधिनियमात काठी हत्यारच नाही, व्याख्येत तिचं नाव घेऊन ती वगळली आहे. जी वस्तू केंद्राच्या कायद्यात निरुपद्रवी, तीच राज्याच्या कायद्यात चार महिन्यांची.

हेच सौंसरला घडलं तर? तिथे आपला पोलीस अधिनियम नाही. तिथे जिल्हा दंडाधिकारी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढतात. तो मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३, किमान शिक्षा नाही, आणि न्यायालयानं दखल घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. कृत्य तेच असलं तरी खटल्याचं वजन पार बदलतं. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही पाहिली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगडं मारतात, प्रशासन मनाई आदेश काढतं, आणि तरीही दवाखान्याचे तंबू आधीच उभे असतात. ते गाव आपल्या हद्दीत असतं तर ३७(१) मधले दगड अक्षरशः लागू झाले असते. झाले असते म्हणजे कागदावर. गोटमार थांबली असती का, हे मी वकील म्हणून सांगणार नाही.

आणि तलवारीच्या त्या केकबद्दल एक सांगतो. पोरं स्वतःच चित्रफीत काढून मोबाइलवर टाकतात, पोलिसांना शोधाशोध करावी लागत नाही. पण बऱ्याचदा जप्त होते ती सजावटीची, बोथट, पत्र्याची तलवार. धार आहे की नाही हे पंचनाम्यात लिहिलं नसेल तर त्याच्या वकिलाला ते विचारायला सांगा.

कर्नाटकातलं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. कोडगूचे कोडव आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमिनीचे धारक यांना काही शस्त्रांपुरती कलम ३ आणि ४ मधून सूट आहे. ही सूट इंग्रजांच्या काळापासून चालत आली. केंद्रानं २०१९ साली ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. त्यांच्याकडे कैलपोढ सणाला बंदुकीची पूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांची होते. शिखांचं कृपाण घटनेच्या कलम २५च्या स्पष्टीकरणातच आहे, नांदेडला ते कुणी विचारत नाही. या सवलती दिल्लीतून, उघडपणे दिलेल्या आहेत, कोडगूची तर मुदत घालून. कुणाला पटोत न पटोत, निदान वाचता तरी येतात. म्हणून कोडगूचा फरक मला खटकत नाही. खटकतो तो अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होणारा फरक.

तो किती मोठा आहे? २०१६ अखेरच्या केंद्राच्या आकड्यांत महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार परवाने होते, मध्य प्रदेशात सुमारे २ लाख ४७ हजार. लोकसंख्या महाराष्ट्राची जास्त. उत्तर प्रदेशात १२ लाखांच्या वर. कायद्यातले निकष तिन्हीकडे तेच, जिवाला धोका आहे का, पोलिसांचा अहवाल काय, माणूस परवान्याला अपात्र तर नाही. पण चंबळकडे बंदूक ही दारात उभ्या ट्रॅक्टरसारखी घराची पत आहे आणि तिथलं प्रशासन ते जाणतं. शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याचा बंदुकीचा अर्ज लवकर पुढे सरकेल अशी योजना निघाली होती. ग्वाल्हेरमध्ये २०१९ साली परवाना हवा तर आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्यासोबत फोटो काढा, असा फतवा होता. झाडांना माझा विरोध नाही, पण शस्त्र अधिनियमाच्या कुठल्या कलमात झाडं आहेत ते मला अजून सापडलेलं नाही.

आपल्या जिल्ह्यातच बघा. नागपूर शहराच्या आयुक्तालयात परवाना पोलीस आयुक्त देतात, बाहेर ग्रामीणला जिल्हाधिकारी. सावनेरच्या माणसाचा अर्ज एका कार्यालयात, मानेवाड्याच्या माणसाचा दुसऱ्यात. दोन्हीकडे मी अर्ज चालवले आहेत. एकीकडे शेतीचं कारण लगेच कळतं, दुसरीकडे 'शहरात शेती कुठे' असा शेरा पडतो आणि सातबारा पुन्हा जोडावा लागतो.

आता परवान्यावरचा 'क्षेत्र' हा रकाना. वडिलांची परवान्याची वही काढा आणि तो बघा. जुन्या वह्यांत निळ्या शाईनं 'नागपूर जिल्हा' किंवा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेलं असतं आणि वर गोल शिक्का. त्या रकान्याबाहेर बंदूक गेली की परवाना तिच्यासोबत जात नाही. 'संपूर्ण भारत' हा शेरा सहसा खासदार, सैनिक, अखिल भारतीय सेवेतले अधिकारी, नेमबाज खेळाडू अशांना मिळतो. इतरांना शेजारच्या राज्यापुरतं क्षेत्र वाढवून मागता येतं, कारण आणि कागद दाखवून. आणि वाढवून न घेता सातनूर ओलांडलं तर? पोलीस कलम २५ लावतात, जणू परवानाच नाही. आम्ही म्हणतो, परवाना आहे, अट मोडली, म्हणून कलम ३०, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा वाद आम्ही जिंकतोही, पण तोवर बंदूक मालखान्यात आणि माणूस जामिनाच्या रांगेत. तुमच्या वडिलांना हे कलम पाठ नसेल, रकाना मात्र त्यांनी नीट वाचलेला होता.

जंगलाचं एक वर्तुळ यावर आणखी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय मिळत नाही. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, सगळीकडे हे लागू. शेतात रानडुक्कर शिरतं म्हणून बंदूक हवी, असं लिहिणार असाल तर लक्षात ठेवा: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. ती परवानगी वन विभागाची, आणि ती महाराष्ट्रात वेगळी, मध्य प्रदेशात वेगळी.

निवडणुकीतही असंच. आचारसंहिता लागली की बंदुका जमा. खरं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाचे निर्देश असे आहेत की सरसकट जमा करू नका, छाननी समितीनं प्रत्येक परवाना तपासून ठरवावं. काही जिल्हे तसं करतात. काही जिल्हे सगळे परवाने एका आदेशात निलंबित करतात आणि मोकळे होतात.

आता तुमच्या बंदुकीकडे येतो, कारण तुम्ही या क्षणी अडचणीत आहात आणि तुम्हाला ते बहुधा माहीत नाही. वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला. तुम्ही वारस आहात, पण परवानाधारक नाही. घरातल्या कपाटात ती बंदूक आज विनापरवाना आहे. सगळ्यात आधी ती आणि उरलेली काडतुसं कलम २१ खाली जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीवरचा, स्वतः वाचून तपासा. मी असं प्रकरण पाहिलंय की पावतीवर ३ चा ८ झाला आणि पुढे दोन वर्षं 'मूळ बंदूक कुठे' याचीच चौकशी चालली. बंदूक घेऊन जाताना रिकामी, नळी बिजागरीवर उघडून, वेष्टनात, आणि सोबत मृत्यूचा दाखला ठेवा. आधी ठाण्यात फोन करून सांगितलं तर उत्तम.

मग वारस म्हणून तुमच्या नावानं परवान्याचा अर्ज. २०१६च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाचा मृत्यू झाला, किंवा त्याचं वय ७० झालं, किंवा त्यानं शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर वारसाला अर्ज करता येतो. म्हणजे हे वडिलांच्या हयातीतही करता आलं असतं, असो. इतर वारसांची ना-हरकत लागेल, आई आणि बहिणींची सुद्धा. तुम्ही नागपूर शहरात राहता, तेव्हा अर्ज आयुक्तालयात, वडिलांचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा असला तरी. जुन्या परवान्याला एकमेव ओळख क्रमांक (यूआयएन) मिळाला होता का ते पाहा. तो घेण्याची मुदत २०२० मध्येच संपली आणि ज्यांनी तो घेतला नाही त्यांचे परवाने अवैध धरले जातात. तो नसेल तर अर्जात लपवू नका, संगणकावर ते पहिल्या मिनिटात दिसतं. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, २०१९च्या दुरुस्तीनं तीनाच्या दोन केल्या. तुम्हाला ती अडचण नाही.

क्षेत्राची मागणी त्याच अर्जात लिहा. महाराष्ट्रातल्या शेतीचा सातबारा आणि सौंसरच्या शेतीचा खसरा व बी-१ (तिकडचे सातबाऱ्यासारखे उतारे), दोन्ही जोडा. सौंसरचे कागद हिंदीत असतील तर त्यांचं भाषांतर आधीच करून ठेवा, नाहीतर फाईल तेवढ्यासाठी परत येते. क्षेत्र महाराष्ट्रापुरतंच मिळालं तर सौंसरला बंदूक नेऊ नका, रात्री रखवालीला माणूस ठेवा. नकार आला तर लेखी कारण मागा, आणि ३० दिवसांत अपील. ही मुदत सगळ्यात जास्त वेळा चुकते, कारण लोक साहेबांना भेटण्यात महिना घालवतात.

आणि अर्ज भरायच्या आधी एक काम आजच करा. परवान्याची वही, सातबारा आणि मृत्यूचा दाखला शेजारी ठेवून वडिलांचं नाव तिन्हींवर अक्षरशः सारखं आहे का बघा. आपल्या विदर्भात एका कागदावर गणपतराव असतात, दुसऱ्यावर गणपतरावजी आणि तिसऱ्यावर नुसते गणपत. टेबलावरचा लिपिक त्या 'जी' साठी फाईल सहा महिने अडवू शकतो. फरक निघाला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून अर्जाच्या पहिल्या पानामागे लावा.